घास की गवत

परतीचा पाऊस रेंगाळला की लोकांना दिवाळीच्या खरेदीची काळजी लागते. मला गवताची लागते. परवा दुपारी हैदराबादेत, नारायणगुड्यात सरीवर सरी कोसळत होत्या आणि मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून आभाळाला मनातल्या मनात नको नको ते बोलत होते. नववीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "टीचर, ऑटो बुक करू का तुमच्यासाठी?" तिला काय सांगू? ऑटोचं नाही गं बाई. आमचं गवत कुठंतरी रस्त्यात ट्रकमध्ये आहे, त्याच्यावरची ताडपत्री कुणी धड बांधली असेल का हे मला ठाऊक नाही, आणि ज्यांच्या नाकावर ते गवत पास व्हायचं, त्यांना वासच येत नाही. मी म्हटलं, "कर."

आमचं, म्हणजे माझ्या माहेरचं, चाऱ्याचं दुकान मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या अंगाला एका गल्लीत आहे. दुकान कसलं, पुढं एक टेबल आणि मागं पत्र्याची लांबलचक शेड. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरणेपणी उदगीरकडून इथं आले ते कडबा विकायला. येताना बैल-म्हशींची पारख घेऊनच आले होते, घोडा त्यांना इथं भेटला. रेसच्या घोड्यांचा थाट वेगळा, त्यांचा चाराही वेगळ्या वाटेनं येतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे वरातीच्या घोड्या पाळणारी माणसं. लग्नसराईत या घोड्या मखमली झुली पांघरून, कपाळावर आरसे लावून बँडच्या मागं नाचत जातात तेव्हा नवरदेवाकडं कोण बघतं? मी तरी नाही बघत. मी घोडीच्या पोटाकडं बघते. सवयच लागली आहे.

अण्णा म्हणतात, म्हैस सोशीक असते. थोडं शिळंपाकं तिच्या पोटात कुठंतरी जिरून जातं. घोड्याचं तसं नाही. देह एवढा दांडगा आणि पोट मात्र काचेचं. त्यात देव त्याला एक सोय द्यायला विसरला. घोड्याला ओकता येत नाही. कुत्रं ओकतं, मांजर ओकतं, लग्नातलं जेवण बाधलं तर माणूसही ओकतो आणि सकाळी उठून कामाला जातो. घोड्यानं एकदा गिळलं की गिळलं. मागच्या वाटेनं निघालं तर वाचला, नाही निघालं तर गेला.

म्हणून आमच्याकडं एक रीत आहे. हंगामाचं नवं गवत आलं की अण्णा मधल्याच एखाद्या गठ्ठ्याची दोरी कापतात. वरचं देखणं गवत बाजूला सारतात, कारण वरचं गवत मुलगी दाखवायला बसवल्यासारखं असतं, ते चांगलंच दिसायचं. मग कोपरापर्यंत हात आत घालतात. आत गार लागलं पाहिजे. ऊब लागली तर गवत ओलं असतानाच बांधलंय आणि ते आतल्या आत शिजायलंय असं समजायचं. मग मूठभर उपसून झटकायचं. पांढरा भुरा उडाला की निकाल तिथंच लागला, ती बुरशी. मग वास. अण्णा डोळे मिटून वास घेतात, देवळात उभे राहतात तसे. शेवटी एक काडी तोंडात, सावकाश चावत. एवढं सगळं झालं की एकच शब्द बोलतात. "घास" म्हटलं की माल घोड्याचा. "गवत" म्हटलं की तो फळांच्या पेट्यांत भरायला नाहीतर खताच्या खड्ड्यात.

आता गंमत अशी की हैदराबादेत घास म्हणजे गवतच. इथल्या बोलीत दोन्हीत काही फरकच नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा एकाच मालाला दोन नावं देऊन आपल्याला बनवतोय. "क्या चाचा, घास और गवत में क्या फरक है?" अण्णा म्हणायचे, "गवत उगवतं, बाबा. घास भरवतात." ते ऐकून माणूस माझ्याकडं बघायचा. मी तरी काय सांगणार? मराठी माणसाला घास म्हणजे तोंडात घालायचा तो. तोंडचा घास काढून देतात, घास घशाखाली उतरत नाही, घासातला घास देतात. आई गरम भात आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची आणि मग मला भरवायची. म्हणजे पोळायचं असेल तर आधी तिनं पोळून घ्यायचं. अण्णा काडी चावतात ती त्याच जातीची गोष्ट असावी असं मला आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला लाज वाटायची की आपले वडील गवत खातात.

ही भानगड एकाच बाहेरच्या माणसाला पक्की कळली. युसूफभाईंना. ते आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांच्याकडं एक पांढरी घोडी आहे, तिचं नाव बेगम. "दो बेगमां हैं घर में," असं ते येईल त्याला सांगतात, "एकीच मेरी बात सुनती." आतून दुसऱ्या बेगमची पळी आपटल्याचा आवाज येतो. युसूफभाईंना अत्तराचं भारी वेड. कानात फाया नाही असा त्यांचा एक दिवस जात नाही. ते दुकानात शिरले की अण्णांचं सुरू, "युसूफ, लांब उभा राहा रे! तुझ्या अत्तरापुढं मला माझ्या गवताचा वास येईना. तू काय घोडी पाळतोस का नवरी?" युसूफभाई खुशीत हसायचे आणि मुद्दाम आणखी जवळ यायचे. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात अण्णांचा शब्द त्यांनी घरी नेला. बायकोनं ताट वाढलं की विचारायचे, "घास है या गवत?" आणि शिव्या खायचे.

पण ज्या हंगामाची मला परवापासून आठवण छळते आहे, त्या हंगामात या शब्दानंच घात केला.

त्या वर्षी पाऊस असाच निघता निघेना. दसरा भिजला. दोरीवरचे कपडे वाळेनात, पापड मऊ पडले, काडेपेटीतली काडी गुल झिजेपर्यंत ओढली तरी पेटेना. रानात कापून पसरलेल्या गवताचं काय झालं असेल, याचा अंदाज घरात बसून येत होता. ट्रक आला तेव्हा अण्णांनी दोरी कापली, हात आत घातला आणि तसाच ठेवला. फार वेळ ठेवला. मग काढून घेतला आणि धोतराला पुसला. वास घेतला, काडी चावली, पण बोलले काहीच नाहीत. ना घास, ना गवत. "बघू. चार दिवस उभं राहू दे," एवढंच म्हणाले.

म्हणजे माल अधांतरी. आम्ही गठ्ठे शेडमध्ये एकाला एक न चिकटवता उभे केले, मधून वारं खेळावं म्हणून. अण्णा सकाळ-संध्याकाळ आत जाऊन प्रत्येकाच्या पोटात हात घालून यायचे. आल्यावर मी तोंडाकडं बघायची. असं ओलं गवत तापत तापत कधीकधी आपोआप पेटही घेतं. त्या दिवसांत घरात सगळे हळू बोलत होते, जसं काही शेडमध्ये कुणी आजारी झोपलंय.

केतकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. केतकी माझ्या धाकट्या भावाची बायको. पुण्याची, आयटीतली, वरच्या मजल्यावर बसून घरातूनच काम करते. पोर गुणी. लग्न होऊन आली तेव्हा इथली बोली शिकायचा तिनं चंगच बांधला होता. "नक्को", "हौ", "कैकू" असं पुणेरी स्वच्छ उच्चारांत बोलायची, की भाजीवालीसुद्धा हसून कोथिंबीर जास्त द्यायची. मीच तिला शिकवलं होतं, "अगं, गवत नाही म्हणायचं इथं, कुणाला कळत नाही. घास म्हण."

त्या दिवशी मी अण्णांना कोठी भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. दुकानाचा फोन केतकीकडं. ती कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती आणि तेवढ्यात युसूफभाईंचा फोन आला. त्यांच्याकडचा जुना चारा संपत आला होता आणि तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू व्हायच्या होत्या. त्यांनी विचारलं, "घास हुआ क्या, बेटी?"

आमच्या भाषेत याचा अर्थ, अण्णा बोलले का? माल पास झाला का?

केतकीला वाटलं, गवत आलं का विचारतायत. ती म्हणाली, "हौ चाचा, घास आ गया."

आली का पंचाईत! पुण्याची पोर हैदराबादी बोलली आणि हैदराबादचा माणूस मराठी समजला. दोघंही एकमेकांची भाषा प्रेमानं शिकले होते, म्हणून हे झालं. दोघंही आडमुठे असते, आपापलंच खरं करत बसले असते, तर काही झालं नसतं. युसूफभाई हातगाडी घेऊन आले, केतकीनं वरच्या खिडकीतून हात हलवून शेडकडं दाखवलं, त्यांनी त्यांना लागतील तेवढे गठ्ठे उचलले आणि गेले. त्यांनी वास घेतला नाही. कशाला घेतील? अण्णा बोलले होते ना.

आम्ही कोठीहून परतलो तेव्हा अण्णांच्या डोळ्यांत डॉक्टरनं औषध घातलेलं होतं आणि त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. तरी ते सवयीनं आधी शेडमध्ये गेले. मी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. आतून आवाज आला, "सुधे." मी गेले. अण्णा भिंतीकडच्या रिकाम्या जागेत हात फिरवत होते, जिथं गठ्ठे असायला हवे होते तिथं.

"इथलं कुठं गेलं?"

केतकी जिन्यावरून उतरत म्हणाली, "युसूफचाचा घेऊन गेले ना अण्णा, मगाशीच. घास आलाय का विचारत होते, मी हो म्हटलं."

अण्णा वळले आणि चालायला लागले. त्या वयात, तशा डोळ्यांनी, भरपावसात. एक चप्पल दारातच राहिली. मी छत्री घेऊन मागं पळाले आणि छत्री उघडायचं विसरले. केतकी आमच्या मागं येत विचारत होती, "काय झालं? ताई, काय झालं? घास म्हणजे गवतच ना?" मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं, कारण घास म्हणजे गवतच, हे मीच तिला सांगितलं होतं.

बेगम युसूफभाईंच्या अंगणात उभी होती. पहिल्या नजरेला वाटलं, ठीक आहे. मग तिनं मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं पाहिलं, आत कोण आहे ते बघावं तसं. पुढच्या पायानं फरशी खरवडली. परत पोटाकडं पाहिलं. हवेत एवढा गारठा, आणि तिच्या मानेवरून घामाच्या धारा. युसूफभाई दोर धरून तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते. गव्हाणीत दुपारचा चारा अर्धा उरला होता. म्हणजे अर्धा गेला होता.

अण्णांनी गव्हाणीतलं मूठभर गवत उचललं आणि नाकाशी नेलं. मीही वाकले. वास आला. फार नाही, थोडासाच, पण ओळखू येणारा. पावसाळ्यात ट्रंकेतून काढलेल्या गोधडीला येतो तसा, कुबट.

"अण्णा," युसूफभाई म्हणाले, "पेट पकड लिया इसका. मगर आप तो घास बोले ना?"

माझ्या मागं केतकी उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही, सुनेचा गैरसमज झाला, एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. अण्णा म्हणाले, "दुकान से गया, मतलब मैं बोला. डॉक्टर कू बुला, युसूफ."

मला आजही त्या वाक्याचा राग येतो आणि अभिमानही वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

डॉक्टरीणबाई आल्या, रेनकोट न काढताच त्यांनी घोडीच्या कुशीला स्टेथोस्कोप लावला. इकडून लावला, तिकडून लावला. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं म्हणे, सारखं गुडगुडत असतं. त्या गुडगुडीवरच सगळं चाललेलं असतं. बाईंनी मला बोलावून म्हटलं, "कान लावा." मी बेगमच्या ओल्या कुशीला कान लावला. आत काहीही नव्हतं. एवढ्या मोठ्या जिवंत अंगात एवढी शांतता असू शकते, हे मला माहीत नव्हतं. मी घाबरले. सरळ सांगते, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

बाईंनी नाकातून नळी घालून तेल पोटात सोडलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "आता हिला चालवायचं. लोळू द्यायचं नाही. लीद पडली तर जिंकलो."

मग ते चालवणं सुरू झालं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पाऊस कधी भुरभुर, कधी जोरात. बेगमचे पुढचे गुडघे वाकायला लागले की युसूफभाई तिच्या कानात ओरडायचे, "नक्को मां, नक्को, बैठने का नई." अण्णांना नीट दिसत नव्हतं म्हणून ते एका ओट्यावर बसून नुसते टापा ऐकत होते. टापा थांबल्या की उठून उभे राहायचे. गल्लीतली माणसं दारांत आली. कुणी कंदील आणला, कुणी चहा. युसूफभाईंची बायको, जी एरवी या घोडीला सवत म्हणायची, दारात बसून तसबीहचे मणी ओढत होती आणि रडत होती.

युसूफभाईंना दम लागला तेव्हा दोर केतकीनं घेतला. ही पोर कुत्र्यालासुद्धा घाबरते. गळ्यात ऑफिसचा हेडफोन तसाच लटकलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, आणि ती त्या थोराड जनावराला ओढत मराठीत सांगत होती, "चल गं बाई, चल. एवढं माझं ऐक. चल ना गं." बेगम चालत होती. का चालत होती देव जाणे, पण चालत होती.

दिवेलागणीची, मगरिबची अजान होऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी परत कान लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग मला बोलावलं. मी कान टेकवला. बराच वेळ काही नाही, आणि मग लांबून, खूप आतून, कुणीतरी घागर कलंडल्यासारखा एक आवाज आला. मी म्हटलं, "आलं! आलं!" गल्लीच्या मधोमध बेगमनं शेपटी उचलली आणि लीद टाकली.

लिदीकडं पाहून एवढी माणसं एवढी हरखलेली मी कधी पाहिली नाहीत. युसूफभाईंनी तिथंच चिखलात गुडघे टेकले. केतकी माझ्या गळ्यात पडून जी रडली, ती थांबेना. मीही रडत होते आणि हसतही होते, कारण ती हुंदके देत म्हणत होती, "ताई, मी परत कधी हैदराबादी बोलणार नाही."

अण्णा ओट्यावरून उठून आले. चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोल की गं," म्हणाले. "बोलायला काय झालं? आमच्या घरातला शब्द तुला कुणी सांगितलाच नव्हता. सून आणली आणि शब्द द्यायचा राहिला, ही आमची कसूर."

जाताना डॉक्टरीणबाई युसूफभाईंना स्पष्ट म्हणाल्या होत्या, "या खेपेला वाचली. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." घोडी तेव्हाच तरुण नव्हती. आता तर तिच्या डोळ्यांवरचे खड्डे खोल गेलेत. वरातीला तिला क्वचितच नेतात. नेलं तरी ओळखीच्याच घरी, थोड्याच अंतरावर.

त्यानंतरचे हंगाम बरे गेले. मग अण्णांना तो ताप आला, ज्यात जगभराच्या लोकांची नाकं गेली. बहुतेकांची परत आली. एका सकाळी मी माहेरी आले तर स्वयंपाकघरात दूध करपून पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, घरभर धूर, आणि अण्णा शेजारीच पाटावर बसून निवांत पेपर वाचत होते. मी गॅस बंद केला. त्यांनी वर पाहिलं, पातेलं पाहिलं, मला पाहिलं. "कुणाला सांगू नको, सुधे," म्हणाले. मी काही सांगितलं नाही. गेल्या वर्षी ऊन कडक होतं, गवत असं खणखणीत वाळलेलं आलं की ते कुणीही पास केलं असतं. तरी अण्णा काडी चावत असताना मी बाजूला उभी राहून हळूच एक मूठ नाकाशी नेत होते. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं.

आणि यंदा हा पाऊस.

ट्रक आज सकाळी आला. रविवार, म्हणून मीही होते. पाऊस थांबला होता, पण हवा अशी की दाराचं लाकूड फुगून कडी लागेना. युसूफभाई रिकामं पोतं काखेत मारून आले. "अण्णा, आज का है मेरे पास, कल का नई," म्हणाले. केतकी जिन्यात उभी राहिली. तिला आता सगळं कळतं. मला तिच्याकडं बघवेना.

अण्णांनी दोरी कापली. वरचं गवत सारलं. रंग सुरेख होता, पोपटी झाक असलेला. हात कोपरापर्यंत आत गेला, बाहेर आला. गार असावं, तोंडावरून कळलं. मूठ उपसून झटकली. भुरा उडाला नाही, पण अशा दमट हवेत तो उडत नाही हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि मूठ नाकाशी धरली. धरूनच ठेवली. ते आता "घास" म्हणतील तर मी काय करू? चारचौघांत बापाचा शब्द खोडू? आणि नाही खोडला तर? त्यांनी काडी तोंडात घातली, चावायला लागले. युसूफभाई वाट बघत होते.

"युसूफ," अण्णा म्हणाले, काडी तशीच तोंडात ठेवून. "मला वास येत नाही. तापात गेला तो आलाच नाही बाबा."

मग युसूफभाई म्हणाले, "मालूम है, अण्णा."

"कसं?"

"पिछले साल के रमजान में मैं नवा अत्तर लगा को आया. एकदम तेज. मेरी बेगम बोली, बाहर सोओ आज. और आप कुछ बोलेच नई. इतने बरसां में पहली बार आप मेरेकू गाली नई दिए." त्यांनी पोतं दुसऱ्या काखेत घेतलं. "घर जा को मैं रोया."

"अन् तरी माल नेलास?"

"सुधा बेटी बाजू में सूंघती थी ना. छुप छुप को. मैं देखता था."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला सवड नव्हती. त्यांनी हातातली मूठ माझ्यापुढं केली. "मग आता उघड घे," म्हणाले. "बोल."

मी वास घेतला. वाळलेल्या रानाचा, उन्हाचा, चांगल्या गवताचा वास होता. म्हटलं, सुटलो. मग मी गठ्ठ्याशी खाली बसले आणि हात अण्णांपेक्षा आत, पार खांद्यापर्यंत घातला. गारच होतं. तळाशी बोटांना एक जुडी लागली, काड्या एकमेकींना किंचित चिकटल्यासारख्या. ती ओढून काढली. दिसायला काही नाही. नाकाशी नेली. पुन्हा नेली. होता का तो वास? ट्रंकेतल्या गोधडीचा? की त्या हंगामापासून माझ्या नाकातच बसलाय आणि पाऊस आला की मला सगळीकडं येतो? मला सांगता येईना. उद्या बेगमची गव्हाण रिकामी राहील. चांगला माल मी नुसत्या भीतीनं मातीत घालत असेन, तर? दुसरं गवत कुठून आणायचं आता, या पावसात? मी वर पाहिलं. युसूफभाई माझ्याकडं बघत होते, इतकी वर्षं अण्णांकडं बघत आले तसे.

घोडीला ओकता येत नाही.

"गवत," मी म्हटलं.

युसूफभाईंनी मान हलवली, रिकामं पोतं झटकून परत काखेत मारलं. अण्णा बाजूला वळले आणि तोंडातली काडी थुंकून टाकली.